कायदा झाला, संस्कार झाले, आता पैशांचं बोला

लैंगिक संबंधांना संमतीचं वय १८ ठेवायचं की १६ करायचं यावर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टात युक्तिवाद सुरू झाले, तेव्हापासून हा वाद टीव्हीवर, फॅमिली ग्रुपवर, ऑफिसच्या डब्यावर सगळीकडे ऐकतेय. एका बाजूचं म्हणणं, प्रेमात पडलेल्या कोवळ्या पोराला पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, आत टाकणं हा अन्याय आहे. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, वय खाली आणलं की पोरींवर हात टाकणाऱ्यांना मोकळं रान मिळेल. दोन्ही म्हणण्यांत दम आहे. पण दोघंही बोलतात ते सगळं घडून गेल्यानंतरचं बोलतात. म्हणजे पोरगी पाच महिन्यांची गरोदर म्हणून सरकारी दवाखान्यात आली, आता केस कोणावर करायची आणि सोडायचं कोणाला. ती दवाखान्यात येण्याच्या आधी, दोन वर्षं म्हणा, पाच वर्षं म्हणा, तिला कोणी काही सांगितलं होतं का, काही विचारायचं झालं तर तिला जाता येईल अशी एक तरी जागा होती का, आठवीनंतर तिची शाळा का सुटली, हे कोणी विचारतच नाही. आणि मला वाटतं विचारत नाहीत कारण त्याच्या उत्तराला पैसे लागतात. कायद्यातला आकडा बदलायला पैसे लागत नाहीत, संस्कारांवर भाषण द्यायला तर अजिबातच लागत नाहीत.

म्हणून माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडते. अल्पवयीन मुलींची गर्भधारणा टाळायचं काम हे सरकारचं कायमचं, पगारी, दरवर्षी बजेटमध्ये तरतूद असलेलं काम असलं पाहिजे, लसीकरण आहे तसं. कुठल्या कंपनीच्या सीएसआरमधून तीन वर्षं चालणारा प्रोजेक्ट नको, वर्षातून एकदा साजरा होणारा जनजागृती सप्ताह नको. जनतेच्या पैशातून, आणि त्या पैशाचा हिशेब जनतेला देऊन.

आधी प्रश्न किती मोठा आहे ते बघू, कारण "हे आपल्याकडे नसतं, हे तिकडं अमेरिकेत" असं म्हणणारे अजून भरपूर आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ७.६ टक्के मुली एकतर आई झालेल्या होत्या किंवा त्या वेळी गरोदर होत्या. देशाचा आकडा ६.८. म्हणजे आपण स्वतःला पुढारलेले म्हणवतो आणि देशाच्या सरासरीच्याही मागे आहोत. २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्क्यांची लग्नं १८ च्या आत झालेली, पाचातल्या एकीपेक्षा जास्त, आणि बीड, परभणीसारख्या जिल्ह्यांत तर हा आकडा चाळीसच्या पुढे जातो. महाराष्ट्रातलं हे सर्वेक्षण २०१९ मध्ये झालं, कोविडच्या आधी. त्यानंतर शाळा दीड-दोन वर्षं बंद राहिल्या, घरात कमाई नाही, पोरगी दिवसभर घरात, लग्नाला माणसं पन्नासच चालतात म्हणजे खर्चही कमी, त्या काळात गावोगाव किती लग्नं उरकली हे ज्याने त्याने आपल्या तालुक्यात आठवून बघावं. त्याच फेरीत केरळमध्ये हाच गर्भधारणेचा आकडा २.४ होता. माणसं तीच, देश तोच.

आता विरोधातला सगळ्यात वजनदार मुद्दा, आणि तो संस्कृतीवाल्यांचा नाहीये, गावात काम करणाऱ्या माणसांचा आहे. ते म्हणतात, बाई, आपल्याकडे अल्पवयीन गरोदर मुलींपैकी बहुतेकींची लग्नं झालेली असतात. इथे प्रश्न गर्भनिरोधकांचा कुठे आहे, प्रश्न गरिबीचा आहे. ऊसतोडीचं उदाहरण देतात आणि ते खरंच आहे. मुकादमाकडून उचल घ्यायची तर जोडी लागते, नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. पोराचं लग्न लावलं की घरात आणखी एक कोयता तयार होतो. आणि पोरीच्या आईबापाची अडचण अशी की दिवाळीच्या आसपास कारखान्यावर निघायचं ते उन्हाळा लागल्यावर परत, तोवर चौदा वर्षांची पोरगी गावात म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर ठेवायची कशी, आणि सोबत न्यायची तर फडातल्या कोपीला, म्हणजे झोपडीला, दार नाही, संडास नाही, रात्री जाग आली तर बाहेर कोण उभा आहे कळत नाही. अशा माणसाला तुम्ही बालविवाहाचे दुष्परिणाम सांगणारं पोस्टर दाखवणार का? त्याला दुष्परिणाम माहीत आहेत. त्याने दोन धोक्यांतला त्याला कमी वाटला तो निवडलाय.

हे मी पूर्ण मान्य करते. पण मग यातून निष्कर्ष काय निघतो? सरकारी पैसा नको असा निघतो का? उलट, गर्भधारणा रोखणं म्हणजे फक्त गोळ्या आणि कंडोम वाटणं नाही एवढाच निघतो. सहा महिने चालणारं हंगामी वसतिगृह, जिथे पोरगी सुरक्षित आहे याची आईबापाला खात्री वाटेल, हा गर्भधारणा रोखण्याचा कार्यक्रमच आहे. गावात शाळा सातवीपर्यंत आणि पुढची आठ किलोमीटरवर असेल तर वेळेवर येणारी एसटी हा कार्यक्रमच आहे, पास मोफत असून उपयोग नाही, गाडी यायला पाहिजे. आणि लग्न झालेल्या सोळा वर्षांच्या पोरीला पहिलं मूल दोन-तीन वर्षं लांबवता यावं म्हणून तिच्याशी, तिच्या नवऱ्याशी आणि मुख्य म्हणजे सासूशी जाऊन बोलणारी नर्स, हाही त्याचाच भाग. लग्न झालं म्हणून तिचं शरीर एका रात्रीत तयार होत नाही. महाराष्ट्रात १५ ते १९ च्या अर्ध्याहून जास्त मुलींना रक्तक्षय आहे, त्यात कोवळ्या वयात दिवस राहिले की झटके येणं, बाळ कमी वजनाचं होणं, वेळेआधी होणं हे सगळं वाढतं. यातली कुठली गोष्ट फुकटात होते? गरिबी हे कारण आहे म्हणणाऱ्यानेच खरं तर सगळ्यात आधी बजेट मागायला पाहिजे.

दुसरी बाजू म्हणते कायदा आहे ना, तो कडक राबवा. बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ चा आहे, पॉक्सो २०१२ चा, २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बायको १८ च्या आतली असेल तर नवऱ्याने केलेला संभोगही बलात्कारच. कागदावर याच्यापुढे कडक काय करणार? आणि ते राबवल्यावर काय होतं ते प्राथमिक आरोग्य केंद्रात नाव नोंदवायच्या टेबलाशी अर्धा तास उभं राहिलं की दिसतं. सिस्टर विचारते वय किती, पोरगी खाली बघते, सासू पटकन म्हणते एकोणीस. आधार कार्ड घरी राहिलंय. सिस्टरला कळतं, सासूला कळतं की सिस्टरला कळलंय, आणि रजिस्टरमध्ये एकोणीस लिहिलं जातं. कारण खरं वय लिहिलं तर डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागेल, पोलीस आले तर पोरगी पुढच्या तपासणीला येणार नाही, मग ती घरीच बाळंत होईल आणि काही झालं तर तेही कळणार नाही. आसाममध्ये २०२३ च्या फेब्रुवारीत बालविवाहावरून हजारोंना अटक केली, आणि लगेच बातम्या यायला लागल्या की गरोदर पोरी दवाखान्यात जायला घाबरतायत. ज्या पोरीला वाचवायचं तीच लपायला लागली. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने निदान एवढं केलं की अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचं नाव-ओळख सांगायची गरज नाही. चांगला निर्णय आहे. पण तालुक्याच्या दवाखान्यातल्या किती डॉक्टरांना तो माहीत आहे, आणि त्यांना तो शिकवायला कोणी ट्रेनिंग घेतलंय का? ट्रेनिंगला पुन्हा पैसेच लागतात.

कायदा की शिक्षण हा वाद महाराष्ट्राने १३५ वर्षांपूर्वी एकदा घातलाय, म्हणून जरा मागे जाऊ. १८८९ मध्ये बंगालमध्ये फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली, आणि १८९१ मध्ये संमतीवयाचा कायदा आला, १० वरून १२. फक्त १२! त्यावर पुण्यात रान पेटलं. टिळकांचं म्हणणं होतं की परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये, सुधारणा लोकांच्या आतून, शिक्षणातून यावी. आगरकर कायद्याच्या बाजूने, संस्कृत पंडित भांडारकरांनी शास्त्राधार काढून दाखवले. शाळेत आपण हे टिळक विरुद्ध आगरकर असं शिकतो आणि बाजू निवडून मोकळे होतो. पण मला त्यातलं वेगळंच खटकतं. कायदा झाला, आणि पुढची कित्येक वर्षं जमिनीवर फार काही हललं नाही, कारण कायदा करणाऱ्या सरकारने त्यामागे ना शाळा उभ्या केल्या ना दाया शिकवल्या. आणि आतून सुधारणा म्हणणाऱ्यांनी तरी ते आतलं शिक्षण कुठे आणि कोणाच्या पैशाने चालणार हे सांगितलं का? दोन्हीकडून पोरगी मधेच राहिली. आज "घरच्यांनी शिकवावं, शाळेने नाही" म्हणणारा माणूस नेमकं तेच करतोय. घरचे शिकवत नाहीत हे त्यालाही माहीत आहे, त्याच्या स्वतःच्या घरात त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

आता लैंगिक शिक्षणाने मुलं बिघडतात हा मुद्दा. केंद्राने किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आणला, २००७ मध्ये त्यातल्या चित्रांवरून आपल्याकडे गदारोळ झाला आणि महाराष्ट्राने तो शाळांत बंद केला. आपल्यासोबत गुजरात, कर्नाटक, मध्य प्रदेश अशी आणखीही राज्यं होती. इथेही मी एक गोष्ट मान्य करते, ती चित्रं कोणत्या वर्गाला दाखवायची याचा विचार नीट झाला नव्हता, आणि बी.एड. ला या विषयाची ओळखही न झालेल्या मास्तरांच्या हातात ते पुस्तक द्यायचं म्हणजे ते पान उलटून पुढे जाणार किंवा पोरं हसणार. पालकांना आधी बोलावून दाखवायला हवं होतं. पालकाला आपल्या लेकराची काळजी वाटते, ती खोटी नसते. पण काळजी खरी आहे म्हणून अंदाजही खरा ठरत नाही. पोरं बिघडतील म्हणून बंद केलेल्या गोष्टीची जागा रिकामी राहिली का? पुढच्या दहा वर्षांत पोरांच्या हातात स्वस्त डेटा आणि मोबाईल आला, आणि आज आपल्या पोरांना लैंगिक शिक्षण मिळतंच आहे, पॉर्नमधून मिळतंय, जिथे संमती नावाची गोष्टच नसते. शाळेचा मास्तर नको म्हणून आपण कोणाला मास्तर केलं?

आणि नुसते संस्कार शिकवून बघायचं तर तेही करून झालंय, तेही सरकारी पैशाने. अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने दरवर्षी पाच कोटी डॉलर्स फक्त अशा वर्गांना दिले जायला लागले जिथे मुलांना एवढंच सांगायचं की लग्नापर्यंत थांबा, गर्भनिरोधक कसं वापरायचं ते शिकवायचं नाही. मग तिथल्या काँग्रेसनेच, म्हणजे संसदेनेच, त्याची तपासणी करायला लावली, २००७ मध्ये रिपोर्ट आला. वर्गाला बसलेली मुलं आणि न बसलेली मुलं यांच्यात फरक नव्हता. तितक्याच प्रमाणात थांबली, पहिल्या संबंधाचं सरासरी वयही तेच. म्हणजे या वर्गांनी मुलं बिघडली नाहीत, सुधारलीही नाहीत, पैसे मात्र गेले. मला या उदाहरणातली आवडलेली गोष्ट वेगळी आहे, ती ही की मोजलं आणि जाहीर केलं. आपण मोजतो का?

मोजत नाही. आणि इथे विरोधकांचा मला सगळ्यात पटणारा मुद्दा येतो, की सरकारला पैसे दिले तर ते वाया जातील. केंद्राचा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून आहे, १० ते १९ वयासाठी, आणि त्याखाली महाराष्ट्रात मैत्री क्लिनिकं आहेत. कल्पना चांगली आहे, पोरापोरींनी यावं, समुपदेशकाशी बोलावं, काय शंका असेल ती विचारावी. मी पाहिलेलं एक मैत्री क्लिनिक असं होतं की ओपीडीच्या रांगेच्या समोरच दार, वर मोठा बोर्ड, म्हणजे आत जाणारी पोरगी गावातल्या वीस बायकांच्या नजरेसमोरूनच जाणार. आत एक टेबल, दोन खुर्च्या, मागे ओआरएसचे खोके रचलेले. समुपदेशक बाई चांगली होती, पोटतिडकीने बोलणारी, पण तिला आठवड्यातले दोन दिवस दुसऱ्या कामाला पाठवायचे आणि तिची ऑर्डर अकरा महिन्यांची. अकरा महिने! ज्या विषयावर बोलायला पोरीला धीर यायला वर्ष लागतं तिथे माणूसच अकरा महिन्यांचा. क्लिनिक शाळेच्या वेळात उघडं आणि शाळा सुटल्यावर बंद. असा कार्यक्रम चालवून मग "बघा, पोरी येतच नाहीत" असं म्हणायचं. हा पैसा वाया गेला हे खरं. पण तो जास्त दिला म्हणून गेला की अर्धवट दिला म्हणून गेला? ज्या पुलाचे दोनच खांब बांधलेत त्यावरून कोणी जात नाही म्हणून पुलाची गरज नव्हती असं ठरत नाही.

नुसते पैसे वाटून होत नाही हेही आकड्यांत दिसतं. पश्चिम बंगालमध्ये २०१३ पासून कन्याश्री योजना आहे, मुलगी शिकत राहिली आणि अविवाहित राहिली तर १८ ला मोठी रक्कम, २०१७ मध्ये तिला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला. शाळेत टिकायला तिचा फायदा झाला असेल, पण तिथलं १८ च्या आतल्या लग्नांचं प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीतही ४१.६ टक्के होतं आणि पाचव्या फेरीतही ४१.६ च. आपल्याकडे २०२३ ची लेक लाडकी योजना बघा. जन्माला ५ हजार, पहिलीत ६ हजार, सहावीत ७ हजार, अकरावीत ८ हजार आणि १८ पूर्ण झाल्यावर ७५ हजार. योजना वाईट नाही, गरिबाच्या घरात ७५ हजार म्हणजे खूप असतात. पण हप्ते नीट बघा, सहावी आणि अकरावीच्या मधे काहीच नाही. पाळी सुरू होते, शाळा लांब जाते, स्थळं यायला लागतात, कोणीतरी रस्त्यात अडवायला लागतो, ते सगळं याच पाच वर्षांत. पैसे द्यायचे तर याच वर्षांत माणूस द्या, जागा द्या, गाडी द्या.

आणि असं केलं की फरक पडतो याचं उदाहरण लांब शोधायची गरज नाही. पैठण तालुक्यातल्या पाचोडच्या संस्थेने नव्वदच्या दशकाच्या शेवटी आजूबाजूच्या गावांत किशोरींचे वर्ग चालवले, संध्याकाळी तासभर, वर्षभर, शिकवणाऱ्या गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या बायका. विषय आरोग्य, शरीर, कायदा, बँक, बोलायचं कसं. पोरी आधी घरकामातून सुटून येतील का हीच शंका होती. त्या गावांतलं मुलींच्या लग्नाचं वय चार वर्षांत साधारण १६ वरून १७ वर गेलं. कोणी म्हणेल एकच वर्ष. ज्या पोरीचं लग्न सोळाव्या वर्षी व्हायचं ते सतराव्या वर्षी झालं तर तिची दहावी झालेली असते, हे एक वर्ष छोटं नाही. कुणाला अटक केली नाही, कुणाला कोर्टात नेलं नाही, गावातल्या आईबापांनीच पोरी पाठवल्या. मग हा वर्ग पंचवीस वर्षांत महाराष्ट्रातल्या प्रत्येक अंगणवाडीत का गेला नाही? कारण संस्थेचं हात पुरतील तेवढंच क्षेत्र असतं, आणि सरकारने ते काम स्वतःचं मानलं नाही.

सरकारने स्वतःचं मानलं की काय होतं ते इंग्लंडमध्ये दिसतं. १९९८ मध्ये तिथे १५ ते १७ वयाच्या हजार मुलींमागे ४७ च्या आसपास गर्भधारणा होत होत्या, पश्चिम युरोपात सगळ्यात वाईट. १९९९ मध्ये त्यांनी दहा वर्षांचा कार्यक्रम आखला, प्रत्येक भागात एक जबाबदार माणूस, शाळेत शिक्षण, शाळेजवळ दवाखाना, पालकांसाठी वेगळं काम आणि आई झालेल्या मुलींना पुन्हा शिक्षणात आणायची सोय. पहिली काही वर्षं आकडा हळूच हलला, पेपरवाल्यांनी टर उडवली, पैसे पाण्यात म्हणाले. २०१४ पर्यंत तो निम्म्यावर आला होता. त्यातला काही भाग काळाचा आहे, मुलींचं शिक्षण वाढलं, शेजारच्या देशांतही थोडंफार कमी झालं, हे मान्य. पण नंतर अभ्यास झाला त्यात दिसलं की ज्या भागांना जास्त निधी मिळाला तिथे घट जास्त होती. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत २००९ पासून एका खासगी देणगीदाराच्या पैशातून सरकारी दवाखान्यांत तरुण बायका-मुलींना तांबी आणि इम्प्लांट (दंडात बसवतात ते गर्भनिरोधक) मोफत मिळायला लागले, चार-पाच वर्षांत किशोरवयीन मुलींच्या बाळंतपणांत जवळपास ४० टक्के घट, आणि गर्भपातही तितकेच कमी. मग देणगी संपत आली, २०१५ मध्ये विधिमंडळाने पैसे द्यायला नकार दिला, आणि २०१६ मध्ये शेवटी २५ लाख डॉलर्स मंजूर केले. मधल्या काळात त्या दवाखान्यातल्या नर्सने काय सांगायचं होतं पुढच्या पोरीला, देणगीदार ठरवतोय थांबा? दानावर चालणारी गोष्ट दात्याच्या मनावर चालते, म्हणून माझा आग्रह सरकारी पैशाचा आहे.

या आग्रहाला आपल्याच मातीत जुना आधार आहे. १८६३ मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, विधवांनी गुपचूप यावं, सुरक्षित बाळंत व्हावं, मूल ठेवायचं तर ठेवा नाहीतर न्या, अशी पत्रकं लावली. त्या विधवांतल्या कितीतरी कोवळ्या वयाच्या असणार. खर्च स्वतःच्या खिशातून आणि घर स्वतःचं, कारण सरकार ते करणार नव्हतं. १९२१ मध्ये र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून मरेपर्यंत समाजस्वास्थ्य मासिक चालवलं, या सगळ्या कामात नोकरी गेली, खटले झाले, १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला बाबासाहेब उभे राहिले. आणि तेच बाबासाहेब १९३८ मध्ये एक पाऊल पुढे गेले. त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या रोहम यांनी १० नोव्हेंबरला मुंबईच्या विधानसभेत ठराव मांडला, भाषण बाबासाहेबांनी तयार केलेलं, आणि मागणी काय तर संततिनियमनाचा प्रचार सरकारने करावा आणि त्याच्या सोयी सरकारने पुरवाव्यात. ठराव फेटाळला गेला. कर्व्यांचं मासिक सहन करायला समाज हळूहळू तयार झाला, पण सरकारी पैशाने सोय करा म्हटल्यावर सभागृह तयार नव्हतं. आपण आजही तिथेच अडकलोय.

इतिहासाचं बोलताना एक काळा भाग वगळून चालणार नाही. १९७६ मध्ये आणीबाणीत याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून वाचलो, पण टार्गेटसाठी गरिबांना धरून नेलं हे लोक विसरलेले नाहीत. सरकारचा माणूस कुटुंबनियोजनाचं बोलायला आला की आदिवासी पाड्यावर, मुस्लिम मोहल्ल्यात दार बंद होतं त्यामागे ही आठवण आहे आणि ती रास्त आहे. म्हणून मी जो कार्यक्रम म्हणतेय त्यात टार्गेट नको, कुठल्या नर्सला एवढ्या तांब्या बसवल्या तर एवढे पैसे असं अजिबात नको. मोजायचं ते वेगळं मोजा. किती मुली दहावीपर्यंत टिकल्या, किती जणी स्वतःहून दोनदा क्लिनिकला आल्या, तालुक्यात १८ च्या आत किती बाळंतपणं झाली, आणि हे आकडे ग्रामसभेत वाचून दाखवा. सरकारवर विश्वास नाही म्हणून सरकारकडून पैसे मागायचे नाहीत, हा मार्ग श्रीमंताला परवडतो. त्याची पोरगी प्रायव्हेट डॉक्टरकडे जाते, तिथे प्रश्नही कमी विचारतात.

मुलग्यांबद्दल एक वाक्य तरी लिहायलाच हवं, कारण हे सगळे कार्यक्रम किशोरींसाठी असतात, सॅनिटरी पॅड किशोरींना, भाषण किशोरींना, जपून राहा हे किशोरींना. पोरगी एकटी गरोदर राहते का? पंधरा वर्षांच्या पोराला नकार म्हणजे नकार हे कोणी शिकवायचं, वीस वर्षांच्या नवऱ्याला बायको अजून लहान आहे, कंडोम वाप‍र, हे कोणी सांगायचं? आशाताई त्याच्याशी बोलायला लाजते आणि तो तिच्याशी. त्या कामाला पुरुष कार्यकर्ता लागतो, पगारी.

पैसे कुठून आणायचे हा शेवटचा प्रश्न, आणि तो मला सगळ्यात सोपा वाटतो. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे महामंडळ आहे, कारखान्यांकडून टनामागे १० रुपये त्यासाठी घ्यायचे ठरलेत, त्यातून हंगामी वसतिगृहं हंगाम सुरू व्हायच्या आधी चालू झाली पाहिजेत, डिसेंबरात सुरू होऊन उपयोग नाही कारण लग्नं दिवाळीच्या आधी उरकलेली असतात. जिल्हा परिषदेने स्वतःच्या उत्पन्नाचा १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो, तो बहुतेक ठिकाणी शिलाई मशीन आणि पिठाच्या गिरणीत जातो. त्यातून प्रत्येक मोठ्या गावात पाचोडसारखा संध्याकाळचा वर्ग चालवणाऱ्या बाईचं मानधन निघतं. आणि राज्याच्या आरोग्य बजेटमधून मैत्री क्लिनिकच्या समुपदेशकाची पोस्ट कायम करावी, क्लिनिकचं दार मागच्या बाजूला काढावं, संध्याकाळी साडेपाच ते साडेसात उघडं ठेवावं. मार्चमध्ये बजेट येईल तेव्हा तुमच्या आमदाराला एवढंच विचारा, आपल्या तालुक्यात १८ च्या आतल्या मुलींची बाळंतपणं गेल्या वर्षी किती झाली आणि ती कमी करायला या वर्षी किती रुपये ठेवलेत. आकडा सांगता आला नाही तर पुढच्या ग्रामसभेत पुन्हा विचारा.